बघायला गेलं की चालणारा बोर्ड

पंपघर क्रमांक दोनमधला बोर्ड त्या उन्हाळ्यात वारंवार बंद पडला. आम्ही जेव्हा जेव्हा बघायला गेलो, तेव्हा तेव्हा तो चालला. बातमी एवढीच आहे. बाकीचा मजकूर तपशिलाचा, पण आमच्या धंद्यात सगळं तपशिलातच घडतं.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये एका छोट्या कंपनीत मी सहा-सात वर्षं कामाला होते. आम्ही छोट्या बोर्डांवर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, चालतं करून देत असू. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी हिरवी पाटी, तिच्यावर अख्खा कॉम्प्युटर. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, पंखा नाही. तो दुसऱ्याच्या यंत्राच्या पेटीत बंद होणार आणि तिथे उन्हात, धुळीत, ओलीत कोणाच्याही मदतीशिवाय चालत राहणार. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकणं म्हणजे बांधून तयार घरात राहायला जाणं. बोर्डावर ते टाकताना नळाची लाइन कुठून आली आहे, दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर आहे, इथपासून सगळं आपणच शोधायचं असतं.

वीज आली की बोर्डाला काहीच ठाऊक नसतं. आपल्याला मेमरी किती आहे हेसुद्धा नाही. आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो मेमरी तयार करतो, चिपमध्ये साठवलेलं लिनक्स उचलून तिथे ठेवतो, त्याच्या हाती कारभार देतो आणि त्याचं काम संपतं. मात्र कारभार देण्याआधी तो तीन सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणी जोडलेल्या लॅपटॉपवरची एखादी की दाबली, तर तो पुढे जात नाही, हुकमाची वाट बघत बसतो. ही सोय इंजिनिअरसाठी असते. पुढे काही बिघडलेलं असेल, तर इथून आत शिरून दुरुस्ती करता येते. आत शिरायचं ते सिरियल केबलने: एक टोक बोर्डाच्या नऊ पिनांच्या पोर्टात, दुसरं लॅपटॉपला. बोर्ड काय बोलतो ते त्या केबलवरून दिसतं, त्याला काय सांगायचं ते तिच्यावरूनच सांगायचं. त्यामुळे या कामातला माणूस पुण्यात शिकलेला असो की टेक्ससमध्ये, आधी केबल लावतो आणि मग वीज देतो. कोणी शिकवावं लागत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची होती. अर्विंगला एका भारतीय किराणा दुकानाच्या शीतगृहात आमचा बोर्ड तापमान नोंदवत असे. कीर्तीभाई म्हणून मालक होते. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"मॅडम, ये आप का मशीन बोलता है मेरा पनीर उन्नीस सौ सत्तर का है. हेल्थवाला खडा है इधर."

बोर्डावरच्या घड्याळाची बॅटरी संपली होती. वेळ माहीत नसली की लिनक्स १९७० सालच्या पहिल्या तारखेपासून मोजायला लागतं. मी हे त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मैं तो समझ गया. इस को आप समझाओ," आणि त्यांनी फोन तपासनिसाच्या हातात दिला. त्या दिवशीचं पनीर विकायला परवानगी मिळाली. कीर्तीभाईंनी पुढे प्रत्येक भेटीत मला आमचा बोर्ड किती सालात आहे, असं विचारलं.

पंपघर क्रमांक दोनची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

शुगर लँडच्या आसपास कित्येक वसाहती नदीकाठच्या सखल जमिनीवर आहेत. भोवती मातीचा बांध असतो. नदी चढली की बांधातले दरवाजे बंद करतात, म्हणजे नदीचं पाणी आत येत नाही. पण तेव्हाच वसाहतीत पाऊस कोसळत असेल, तर ते पाणी बाहेरही जात नाही. ते पंपाने उपसून बांधापलीकडे टाकावं लागतं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे अशी तीन पंपघरं होती. प्रत्येकात दोन पंप: छोटा पंप तरंगत्या गोळ्यावर चालणारा, वीज असली आणि पाणी असलं की आपोआप सुरू होणारा, मोठा पंप आमच्या बोर्डाच्या ताब्यात. पाणी किती वेगाने चढतं आहे ते बघून बोर्ड मोठा पंप चालवायचा आणि फोनच्या लाइनवरून ऑफिसला खबर द्यायचा.

ही तिन्ही पंपघरं एकच माणूस सांभाळायचा. त्याचं नाव कर्टिस. पन्नाशीचा, उंच, बोलायला सावकाश. जुलैत त्याचा पहिला फोन आला.

"मॅम, तुमचा डबा झोपला. पेटीत लाल दिवा आहे, हिरवा नाही."

लाल म्हणजे बोर्डाला वीज मिळते आहे. हिरवा लुकलुकणारा दिवा म्हणजे लिनक्स जागं आहे. मी आणि मिलिंद गेलो. मिलिंद माझा सहकारी, मूळचा नागपूरचा. या बोर्डाचं बूटलोडर त्यानेच बसवलं होतं. पेटीच्या दारावर आम्ही एक पोर्ट बसवलेला असे. टेक्ससच्या उन्हात आतली पेटी उघडून बसायला नको, म्हणून बोर्डाच्या पोर्टापासून दारापर्यंत एक लांब वायर आणायची, अशी कंपनीची पद्धत होती. मिलिंदने दारावरच्या पोर्टाला केबल लावली, बोर्ड बंद करून चालू केला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"झालं?" कर्टिसने विचारलं.

"चालू आहे," मिलिंद म्हणाला.

"चालू आहे ते मलाही दिसतंय. झालं काय होतं?"

मिलिंदने केबल गुंडाळून पिशवीत टाकली. पंधरवड्यात पुन्हा तेच. गडगडाट झाला, क्षणभर वीज गेली, परत आली आणि बोर्ड लाल दिव्यावर अडकला. पुन्हा आम्ही गेलो, केबल लावली, बोर्ड उठला. आम्ही विजेचा पुरवठा बदलला. मग उष्णतेवर संशय घेऊन पेटीला जाळी केली. शेवटी बोर्डच बदलला. नवाही तसाच वागला. काढून आणलेला बोर्ड ऑफिसात टेबलावर ठेवून मिलिंदने त्याची वीज दिवसभर तोडली आणि जोडली. एकदाही अडकला नाही.

"यार, हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे," मिलिंद म्हणाला. "बघायला माणसं आली की मान खाली, सगळी उत्तरं बरोबर. माणसं उठून गेली की खरा स्वभाव."

ऑफिसात सगळे हसले. कर्टिस हसला नसता. बोर्ड अडकला की मोठा पंप हाताने चालवावा लागे, त्यासाठी भिंतीवर एक दांड्याचं बटण होतं. पण हाताने चालवायचा म्हणजे माणूस तिथे हवा. पंपाने खालचा पाणी साठायचा खड्डा कोरडा केला आणि कोणी बंद केला नाही, तर मोटर जळणार.

ऑगस्टच्या अखेरीला आखातावरून मोठा पाऊस येत असल्याचा इशारा आला. वरच्या भागात आधीच बरसल्यामुळे नदी चढलेली होती, दरवाजे बंद झाले होते. कंपनी त्या दिवशी लवकर सुटली. सुटण्याआधी कर्टिसचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच सावकाश होता.

"मॅम, दोन नंबर झोपला आहे. मी हाताने चालवतोय. पण तीन नंबरच्या नाल्यात झाड पडलंय, मला तिकडे जायला हवं. हा डबा उठणार असेल तर सांगा. उठणार नसेल तर तेही सांगा, मी इथेच बसतो आणि तीन नंबरचं देव बघून घेईल."

मिलिंद माझ्या टेबलाशी उभा होता. पंपघर दोनच्या मागच्या रस्त्यावरच त्याचं घर होतं, वसाहतीतल्या सर्वांत सखल रस्त्यावर. बायको ऑफिसच्या कामाने दूर बेलव्ह्यूला गेलेली, आणि घरात भारतातून आलेले आई-वडील दोघंच. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोघांनाही गाडी चालवता येत नव्हती.

"मी येतोय म्हणून सांग त्याला," मिलिंद म्हणाला.

दुपारीच दिवे लावून गाडी चालवावी लागत होती. शेवटचा रस्ता पाण्यातून काढला. पंपघर म्हणजे बांधाच्या कुशीत सिमेंटची एक खोली. आत दोन्ही पंपांचा आवाज इतका की ओरडून बोलावं लागे. जमिनीतल्या जाळीखाली पाणी दिसत होतं आणि भिंतीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याला ते लागलेलं होतं. लाल पट्टा त्याच्या हातभर वर. पाणी लाल पट्ट्याला पोचलं, म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या घरांत शिरलं, असा हिशोब. कर्टिस पिवळ्या रेनकोटात बटणाशी उभा होता. पेटीत लाल दिवा होता.

मिलिंदने पिशवीतून केबल काढली. तो ती दारावरच्या पोर्टात लावणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"लावू नकोस."

"मग बघू कसं?"

"आजवर दर वेळी केबल लावूनच बघितलं. दर वेळी चालला. एकदा न लावता बघू."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मग केबलकडे. मग ती बाजूला ठेवली. आम्ही फक्त बोर्डाची वीज तोडून जोडली. लाल. पुन्हा तोडून जोडली. लाल. मग त्याने केबल दारावर लावली, लॅपटॉपवर काहीही न करता. हिरवा. केबल काढून पुन्हा. लाल.

मिलिंद पेटीसमोर उकिडवा बसला आणि दारापासून बोर्डापर्यंत गेलेल्या वायरवरून त्याने बोट फिरवलं. वायर मोटरच्या जाड केबलला बिलगून, तिच्याच पट्ट्यांनी बांधून नेलेली होती.

"कोणीतरी की दाबतंय," तो म्हणाला.

"कोण दाबतंय?" कर्टिसने विचारलं.

"तुझी मोटर."

प्रकार असा होता. दारावरच्या पोर्टाला काही लावलेलं नसलं की त्या वायरचं टोक मोकळं. मोकळी वायर एरियलसारखी वागते. वीज परत आली की छोटा पंप लगेच सुरू होई, त्याच्या मोटरचा विजेचा खडखडाट वायरमध्ये उतरे आणि बूटलोडरला वाटे, कोणी की दाबली. मग तो इमानेइतबारे थांबून हुकमाची वाट बघत बसे. लॅपटॉप लावला की दुसऱ्या टोकाने वायर स्थिर धरली जाई, खडखडाट आत येत नसे आणि बोर्ड उठे. ऑफिसात मोटरच नव्हती. अडकलेल्या बोर्डाने स्वतःच रीस्टार्ट व्हावं अशी सोयही आम्ही केलेली होती, पण ती लिनक्स उठल्यावर कामाला लागायची. आम्ही स्वतःला आत जायला दार ठेवलं होतं. त्यातून मोटर शिरत होती.

कर्टिसला हे ओरडून सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही सगळा उन्हाळा ते स्वतःच दुरुस्त करत होता आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होय," मी म्हटलं.

"बरं. आता?"

मिलिंदने दाराकडची वायर बोर्डातून उपटली आणि वीज तोडून जोडली. हिरवा. पुन्हा. हिरवा. तिसऱ्यांदा लाल. बोर्डावरच्या उघड्या पिनांनाही मोटरचा त्रास होत होता, कमी, पण होत होता. त्याच वेळी मिलिंदचा फोन वाजला. त्याने तो कानाशी दाबला आणि दुसऱ्या कानात बोट घातलं. आवाजामुळे शेवटी स्पीकर लावला.

"मिलिंद, तुझ्या रस्त्याचा कालवा झालाय," काका सांगत होते. "आमच्या खात्यातला कालवा असता तर एवढं पाणी आलंही नसतं."

"बाबा, घरात शिरलंय का?"

"गॅरेजच्या दाराशी आहे. आई गाद्या वर नेतेय. मला जिन्यावर बसवून ठेवलंय, म्हणे बीपी आहे, काही उचलू नका. तू कुठे आहेस?"

"पंपाजवळ."

"मग पंप लाव की."

मिलिंदने फोन खिशात टाकला आणि तो पेटीकडे वळला.

लॅपटॉप लावून निघून जावं, तर त्याची बॅटरी रात्रभर पुरणार नव्हती. उपाय एकच उरला होता. बूटलोडरची ती तीन सेकंदांची वाट शून्य करायची. शून्य केलं की तो कीकडे लक्षच देत नाही, सरळ लिनक्सला हाक मारतो. पण मग आमचंही दार बंद. पुढे कधी लिनक्स उठलं नाही, तर त्या बोर्डात शिरायला वाट नाही; काढून फेकायचा. आणि हा बदल चिपमध्ये लिहायला क्षण-दोन क्षण लागतात. नेमकी तेव्हा वीज गेली, तर आधीचं पुसलेलं आणि नवं लिहिलेलं नाही, अशा स्थितीत बोर्ड तिथेच मरतो. दिवे मिनिटामिनिटाला मंद होत होते.

"आत्ता लिहायचं?" मिलिंदने मला विचारलं. "मेला तर?"

"मेला तर कर्टिस इथे बसेल."

"आणि तीन नंबर?"

"तीन नंबरच्या मागेही घरं आहेत," कर्टिस म्हणाला. मराठी त्याला कळत नव्हती, पण आकडा इंग्रजीत उच्चारला गेला होता. आम्ही त्याला अडचण सांगितली. तो म्हणाला, "तुम्हाला न हलणारी वीज हवी, एवढंच ना? मग लाइन सोडा. मी जनरेटरवर घेतो."

जनरेटर वीज गेल्यावर आपोआप लागायचा. वीज असताना हाताने त्यावर जायचं, हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. कर्टिसने बाहेर जाऊन तो सुरू केला, त्याची घरघर एकसारखी होऊ दिली आणि मग भार त्यावर टाकला. क्षणभर पंप थांबले. त्या शांततेत जाळीखालचं पाणी भिंतीवर आपटताना ऐकू आलं. मग छोटा पंप लागला आणि कर्टिसने आत येऊन मोठ्याचं बटण दाबलं.

मिलिंदने केबल लावली, आत शिरला, टाइप केलं. एंटर दाबण्याआधी त्याने मला स्क्रीन वाचायला सांगितली. त्याचा नियम होता, चिपमध्ये लिहायचा हुकूम दुसऱ्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय द्यायचा नाही. इतर दिवशी मला तो नियम जाचक वाटे. मी अक्षरन् अक्षर वाचलं आणि "बरोबर" म्हटलं.

स्क्रीनवर पुसणं सुरू झाल्याचे ठिपके उमटले. मग लिहिल्याचे. मग "पूर्ण".

आता तपासणं भाग होतं, आणि तपासायचं तर चालता पंप थांबवायचा. पाणी पिवळ्या पट्ट्याच्या वर गेलं होतं. मी कर्टिसकडे पाहिलं. त्याने पाण्याकडे पाहिलं, मग भिंतीवरचं बटण हाताने चालवण्यावरून काढून ऑटोवर, म्हणजे बोर्डाच्या ताब्यात, फिरवलं. मोठा पंप थांबला.

"सगळं काढा," तो म्हणाला. "लॅपटॉप, केबल, सगळं. पेटीचं दार लावा आणि बाहेर चला."

"बाहेर का?" मिलिंदने विचारलं.

"कारण वीज जाईल तेव्हा इथे तुमच्यापैकी कोणी नसणार. मीही नसणार. जसं असणार आहे तसंच बघायचं."

आम्ही तिघं पावसात उभे राहिलो. दार ओढून घेतलं. मुख्य वीज तोडायचा खटका बाहेरच्या भिंतीवर होता. कर्टिसने तो खाली ओढला. आतला छोटा पंप बंद झाला. नुसता पाऊस आणि जनरेटरची घरघर. त्याने खटका वर केला. छोटा पंप लागला. म्हणजे खडखडाट सुरू झाला होता. आता बोर्डाने मेमरी तयार करायची, लिनक्स उचलायचं, मग आमचा प्रोग्राम, मग पाण्याची मोजणी, मग मोठ्या पंपाला हुकूम. या सगळ्याला एरवीही मिनिटभर लागे. मिलिंद भिंतीला कान लावून उभा होता. दाराच्या फटीतून आतला दिवा दिसला असता. कोणी वाकून पाहिलं नाही.

मग पायाखालची जमीन थरथरली. मोठा पंप लागला होता.

"पुन्हा," कर्टिस म्हणाला आणि त्याने खटका ओढला. दुसऱ्यांदाही लागला. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्याने ओढला नाही.

पंप तसा थांबवल्याने पाणी किती वाढलं, हे आम्ही मोजलं नाही. कोपऱ्यावरच्या दोन घरांच्या गॅरेजमध्ये पाणी शिरलं, हे नंतर कळलं. पंधरवडाभर आधी कोणी केबल न लावता बघितलं असतं तर ते शिरलं नसतं, असं मला आजही वाटतं. पुढच्या आठवड्यात तिन्ही पंपघरांतल्या दारावरच्या वायरी काढल्या, आणि मोटर चालू असताना, केबल न लावता, वीज तोडून बघितल्याशिवाय आमचा एकही बोर्ड नंतर बाहेर पडला नाही. त्याला ऑफिसात काही खास नाव दिलेलं नव्हतं. ते रोजचं काम झालं.

त्या दुपारी मिलिंदचा फोन पुन्हा वाजला, तेव्हा आम्ही अजून दाराबाहेरच होतो.

"चढायचं थांबलंय," काका म्हणाले. "पायरीवर खडूने खूण केलीय मी. खुणेवरच आहे."

"उतरायला लागलं की सांगा."

"ते तू येऊन बघ. तुझी आई विचारतेय जेवलास का."

मिलिंदने पंपघराच्या दाराकडे पाहिलं. त्याला राहायचं होतं, ते दिसत होतं. कर्टिसने त्याच्या अंगावरून हात घालून कडी सरकवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आत तुझं काही काम नाही," तो म्हणाला. "घरी जा."

मिलिंद गुडघाभर पाण्यातून घराकडे चालत गेला. कर्टिसचा ट्रक तीन नंबरकडे वळला. मी गाडीत बसले, काच थोडी खाली केली आणि त्या रिकाम्या खोलीत पंप चालू असल्याचा आवाज जरा वेळ ऐकला. मग निघाले.